चकतीवाले भाऊजी

आमच्या भाऊजींना अनोळखी माणसाची हनुवटी धरायची सवय आहे.

धरायची म्हणजे अगदी न्हाव्यासारखी दोन बोटांत धरायची आणि उजेड ज्या बाजूने येत असेल त्या बाजूला वळवायची. वर म्हणायचं, "हासू नको. नुसता दिस." समोरचा माणूस बिचारा बसस्टँडवर गाडीची वाट पाहत उभा असतो. त्याला घरी जायचं असतं, दिसायचं नसतं. पण हनुवटी एकदा भाऊजींच्या बोटांत सापडली की सुटणं कठीण.

एकदा तिरोड्याच्या चौकात त्यांनी वाहतुकीच्या शिपायाची हनुवटी धरली. शिपाई नवीन होता, कोवळा होता, आणि आईशिवाय त्याच्या हनुवटीला आजवर कोणी हात लावला नसावा. शिट्टी तोंडात तशीच ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या बादल्या पाहू लागलो. भाऊजींबरोबर असताना मी अशा पुष्कळ वस्तू बारकाईने पाहिल्या आहेत. बादल्या, विजेचे खांब, निवडणुकीची फाटलेली पोस्टरं. लाज वाटली की माणसाला कुठेतरी पाहावं लागतं.

हिरालाल भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. त्यांचा आयुष्यभराचा धंदा फोटो स्टुडिओचा. शाळेच्या फॉर्मचे, रेशनकार्डाचे, लग्न जमवायचे फोटो. हनुवटीची सवय तिथलीच. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि भाऊजींनी शटर खाली ओढलं ते कायमचं. दोन वर्षं ते अंगणात खुर्ची टाकून बसले. मग नागपूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीने त्यांच्या वाढदिवसाला एक लेन्स पाठवली, आणि तिरोडा तालुक्याची शांतता संपली.

ही लेन्स म्हणजे एक जाडजूड पितळी नळी. नवीच बनवलेली, पण मुद्दाम जुन्या काळची वाटावी अशी. ताईने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "जुनंच पाहिजे होतं त घरात मी होती न."

या नळीच्या पोटात एक फट आहे. त्या फटीत पत्र्याची चकती सरकवायची. चकतीच्या मधोमध भोक. समोर माणूस उभा करायचा आणि त्याच्या मागे दूरवर उजेडाचे ठिपके पाहिजेत, म्हणजे पाण्यावर चमकणारं ऊन किंवा पानांमधून झिरपणारं. माणूस स्पष्ट येतो, मागचे ठिपके पुसट, मोठे होतात, आणि भोकाचा जो आकार तोच त्या ठिपक्यांचा. भोक गोल तर ठिपके गोल. भोक चांदणीचं तर माणसाच्या मागे भर दुपारी चांदण्या.

लेन्सबरोबर चार-पाच चकत्या आल्या होत्या. भाऊजींचं त्यावर कसं भागणार? "गोल त कोणाचाही येते," असं म्हणत त्यांनी कात्री आणि कानस घेतली. बिस्किटाचे डबे संपले, तेलाचा पिपा संपला, मग एके दिवशी ताईच्या मसाल्याच्या डब्याचं झाकण गेलं. त्यातून मासा निघाला. पत्रा फार पातळ निघाल्यामुळे भाऊजींना तो पसंत पडला नाही, आणि झाकण त्यांनी गुपचूप जागच्या जागी बसवून दिलं. तेव्हापासून त्या डब्यात मुंग्या माशाच्या आकाराच्या दारातून ये-जा करतात.

आता या सगळ्यात माझा संबंध काय? तर ताई. "एकटे नको जाऊ देऊ बाप्पा त्याहिले," ती मला म्हणाली. "कोनाची हनुवटी धरतील आन् मार खाऊन येतील. तू मास्तर आहेस. तुले पाहून लोक थांबतीन."

मी तिरोड्याच्या एका शाळेत गणित शिकवतो. गावात मला मान आहे. होता, म्हणू. दर रविवारी एक काळी छत्री घेऊन मी भाऊजींच्या मागे निघू लागलो. छत्री लेन्सवर ऊन पडू नये म्हणून. भाऊजी धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, बांधावर पालथे पडायचे आणि मी त्यांच्यावर छत्री धरून उभा राहायचो. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, कोणाला तरी चक्कर आली आहे. लोक पाणी घेऊन धावत यायचे. पाणी आणणाऱ्याची हनुवटी भाऊजी ताबडतोब धरायचे.

बोदलकसा तलावावरची गोष्ट सांगायलाच हवी. थंडीचे दिवस होते. सकाळचं ऊन पाण्यावर असं सांडलं होतं की डोळे उघडवत नव्हते. भाऊजी खूश. त्यांनी जाळं आवरत बसलेल्या एका मच्छीमाराला काठावर उभं केलं आणि नळीत नवी, जाड पत्र्याची माशाची चकती सरकवली. स्वतः गवतात आडवे. मी छत्री. "हालू नको गा. उजेड येऊन राहिला."

उजेड बराच वेळ येऊन राहिला. मच्छीमाराचा पाय आखडला. शेवटी एकदाचा फोटो निघाला आणि भाऊजींनी त्याला कॅमेऱ्याच्या मागे दाखवला. खरंच, त्याच्या पाठीमागे पाणीभर सोनेरी मासे पोहत होते. पण कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात गवतावर दव होतं, आणि त्या दवाच्या ठिपक्यांचेही मासे झाले होते. जवळच्या ठिपक्यांना लेन्स उलटं करते, त्यामुळे ते पाठीवर पडलेले.

मच्छीमाराने बराच वेळ निरखून पाहिलं. "मांगचे जित्ते आहेत," तो म्हणाला. "पुढचे मेले काऊन?"

भाऊजी त्याला प्रकाशाचा नियम समजावून सांगू लागले. नेमके तेव्हाच मागून आवाज आला, "अरे, मास्तर तुम्ही?" आमचे मुख्याध्यापक. सहकुटुंब सहलीला आलेले. मी एका हाताने छत्री धरून, दुसऱ्या हाताने भाऊजींचा घसरणारा पायजमा सावरून उभा होतो. काही बोलायच्या आत भाऊजी उठले, अंगावरचं गवत न झटकता पुढे झाले आणि मुख्याध्यापकांच्या सासूबाईंची हनुवटी धरली.

"हासू नको माय. नुसती दिस."

सासूबाई दिसल्या. त्यांचा जावईही मला पुढे वर्षभर दिसत राहिला, स्टाफरूममध्ये, चहाच्या वेळी, न हसता.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण भाऊजींना म्हातारी माणसं दिसली की राहवत नसे. आमच्या आळीत एकांकडे तेरवीचं, म्हणजे तेराव्याचं, जेवण होतं. मांडवाच्या कनातीला बारीक भोकं, त्यातून ऊन येत होतं. भाऊजींनी ते पाहिलं, पानावरून उठले, हात धुतला, आणि पंगतीतल्या एकेका म्हाताऱ्याला कनातीपुढे नेऊन उभं करू लागले. दोघं तिघं कुतूहलाने उभे राहिले. चौथे जरा वयाने मोठे होते, दम्याचे होते. ते उखडले.

"कायले काढून राहिले जी आमचे फोटो? तुमाले घाई झाली का?"

"घाई नाही जी," भाऊजी शांतपणे म्हणाले. "एक असू द्या. चांगला असू द्या."

मांडवात कुजबुज झाली. यजमान माझ्यापाशी आले. "मास्तर, हे तुमचेच पाव्हने न?"

"माझ्या बहिणीचे," मी म्हणालो आणि मठ्ठ्याच्या द्रोणात पाहत राहिलो.

त्या दिवशी घरी येताना मी भाऊजींना बोललो. म्हटलं, तुम्हाला लाज कशी नाही वाटत? लोक काय म्हणतात, कुठे काय करावं, काहीच कळत नाही का? ते खाली मान घालून ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, "वाटते न गा. वाटत नाही असं नाही." मला वाटलं, तेरवीबद्दल बोलत आहेत.

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत भाऊजींनी सालेकसाला जायचं काढलं. रेल्वेने गोंदियावरून. त्यांचा एक चुलतभाऊ तिकडे राहतो. "मोहाच्या फुलाची चकती केली," ते म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, कारण पूर्वी त्यांचा स्टुडिओ सालेकसालाच होता. मग अचानक तो बंद करून त्यांनी तिरोड्याला नवा थाटला, आणि त्यानंतर लग्न असो की मयत, त्यांनी त्या गावात पाऊल ठेवलं नव्हतं. ताईने विचारलं तर म्हणायचे, "तिकडचं पानी मानवत नाही."

आम्ही संध्याकाळी पोचलो आणि सकाळी चुलतभावाची मोटरसायकल घेऊन जंगलाच्या कडेच्या एका गावाकडे निघालो. गावाबाहेर एक बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. काठाला मोहाची झाडं. झाडांखाली बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. त्या गोड, जड वासाने सकाळीच डोकं धरल्यासारखं झालं होतं. एका झाडाखाली एक म्हातारी एकटीच बसून वेचत होती. तिच्या मागे पाण्यावर कोवळं ऊन लखलखत होतं. इतके रविवार छत्री धरल्यावर मलाही आता कळत होतं. यापेक्षा चांगली जागा मिळणार नव्हती.

"भाऊजी, चला," मी म्हणालो. "उजेड येऊन राहिला."

भाऊजी शेजारी नव्हते. ते एका झाडाच्या बुंध्यामागे उभे होते. मुख्याध्यापकांच्या सासूबाईंपुढे न डगमगलेला हा माणूस पदराआड लपणाऱ्या पोरासारखा उभा होता. लेन्स दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"तू जाय," ते म्हणाले.

"मी जाऊन काय करू? मला कुठे काढता येतो?"

"तिच्यासमोर नाही जाऊ शकत गा मी."

ते तिथेच मुळावर बसले. मीही बसलो. मग त्यांनी सांगितलं. सालेकसाला स्टुडिओ होता तेव्हा कुठे काही घडलं, अपघात, बुडणं, फाशी, की पंचनाम्यासाठी फोटो काढायला पोलीस त्यांनाच बोलवायचे. जायचे, काढायचे, घरी येऊन आंघोळ करायचे. ताईलाही ते कधी काही सांगत नसत. या म्हातारीचा पोरगा बांधीत निंदण काढत असताना साप चावून गेला. एकुलता एक, लग्नाला आलेला. तो फोटोही भाऊजींनीच काढला.

"मंग पंधरा दिवसांनी ती दुकानात आली," भाऊजी म्हणाले. "म्हने, पोराचा फोटो दे. म्यां म्हटलं, घरी नाही का एखादा? त म्हने, कधी काढलाच नाही. साऱ्या जिंदगीत त्याचा एकच फोटो निघाला होता. म्यां काढलेला तो."

त्या फोटोत डोळे मिटलेले होते. म्हातारी म्हणाली, डोळे उघडून दे. त्या काळी असं काम करायचे. भाऊजींनी फक्त चेहरा मोठा करून घेतला आणि बारीक ब्रशने त्यावर डोळे काढले. रात्रंदिवस तेच केलं. पण ते काही चित्रकार नव्हते. डोळे उघडले, नजर मात्र चुकली. एका बाजूला गेली. म्हातारीने तो फोटो हातात घेतला, भिंतीशी धरला, पुढून पाहिला, बाजूने पाहिला.

"आन् म्हने, हा माह्याकडे नाही पाहात गा. बाजूले पाहाते."

एवढं बोलून ती फोटो घेऊन गेली. रागावली नाही, की परतही केला नाही. पण दर आठवडी बाजारात ती समोरून येताना दिसली की भाऊजी रस्ता बदलायचे. मग बाजारच सोडला. मग गाव.

"एक चांगला फोटो पाहिजे गा मान्साचा," ते म्हणाले. "जित्तेपनी काढलेला. नाही त मंग माह्यासारख्याच्या हाती सापडते."

पाहायला समोर बादल्याही नव्हत्या, खांबही नव्हते. पायाजवळ पडलेली मोहाची फुलं पाहत राहिलो.

तेवढ्यात म्हातारीचाच आवाज आला. "कोन होय गा झाडामांगं? मोह चोराले आले का?"

मी घाईघाईने उठलो. नमस्कार करून म्हणालो, "नाही माय, आम्ही फोटो काढणारे."

ती डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहत राहिली. मग तिची नजर माझ्या मागे गेली. भाऊजी उभे राहिले होते. लेन्स तशीच छातीशी.

"तू दुकानवाला होय न?" ती म्हणाली. "फोटोवाला. म्हतारा झाला गा तू."

भाऊजींनी हात जोडले. शेवटी कसंबसं म्हणाले, "माय, ते डोळे... माह्यानं नाही जमले ते."

"कुठी गेला होतास तू?" म्हातारीने त्यांचं ऐकलंच नव्हतं. "दोनदा आली होती मी दुकानात. कुलूप होतं. कोनी म्हने तिरोड्याले गेला, कोनी म्हने मेला."

"त्या डोळ्यांसाठीच आली होतीस न?"

"हो न. त्याच्यासाठीच." ती टोपली बाजूला सारून उठली, कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "तो तिकडं पाहाते न, खिडकीच्या बाजूले. म्हून म्हटलं माहाही एक फोटो काढून घ्यावा आन् तिकडं टांगावा. मंग तो माह्याकडे पाहीन."

भाऊजी मटकन खाली बसले. मी त्यांना उठवायला वाकलो तर त्यांनी माझा हात झटकला. इतकी वर्षं जिच्यापासून ते तोंड लपवत फिरले, ती तक्रार करायला आलीच नव्हती. काम घेऊन आली होती. आणि दाराला कुलूप होतं. त्यांचे कान लाल झाले होते, मान वर होत नव्हती. एवढी लाज मी कोणा माणसाच्या अंगावर अशी उघडी पाहिली नव्हती. ती पाहिल्याची मलाच लाज वाटली.

"आता रडत बसते का काढते?" म्हातारी म्हणाली. "मोह सुकून राहिला माहा."

भाऊजींनी डोळे पुसले आणि कॅमेरा काढला. म्हातारीला पाण्याकडे पाठ करून उभं केलं. "माय, मांगं मोहाची फुलं येतीन बरं," ते म्हणाले.

"फुलं कायले? जलमभर तेच येचून राहिली. दुसरं काही नाही का?"

भाऊजींनी थैलीतल्या सगळ्या चकत्या तिच्या पदरात ओतल्या. तिने एकेक उचलून उजेडात धरली. चांदणी बाजूला ठेवली. बदाम बाजूला ठेवला. मासा निघाला तेव्हा थांबली.

"हे घाल. पोराले मासे लय आवडे."

मग भाऊजींनी तिला विचारलं, घरात उभं राहिलं तर खिडकी कोणत्या हाताला येते, दार कोणत्या हाताला, पोराचा फोटो नेमका कुठे. तिने तोंड कोणत्या बाजूला करायचं ते त्यांनी त्यावरून ठरवलं. एवढा वेळ लावून, इतक्या वेळा पुढे-मागे होऊन त्यांनी कोणाचाच फोटो काढला नव्हता. मी छत्री धरून उभा होतो. बाकीच्या बाया टोपल्या घेऊन भोवती जमल्या, हसल्या, म्हातारीला काहीबाही बोलल्या. मला त्यांच्याकडे पाहायला काही वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही चौकट करून घेतलेला फोटो घेऊन पुन्हा गेलो. दोन खोल्यांचं मातीचं घर, भिंती नुकत्या सारवलेल्या. पोराचा फोटो समोरच होता. गळ्यात प्लास्टिकचा हार, उन्हाने फिकट झालेला चेहरा, आणि त्या चेहऱ्यात काळेभोर, कोरे करकरीत डोळे. खरंच, ते आपल्याकडे पाहत नव्हते. भाऊजी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. त्यांनी बरोबर आणलेला खिळा आणि हातोडी काढली, खिडकीच्या बाजूला गेले आणि म्हातारीची चौकट भिंतीला लावून धरली. तिच्या मागे सोनेरी माशांचा थवा होता.

म्हातारी खाटेवर बसून पाहत होती.

"इथी?" भाऊजींनी विचारलं. पोराच्या फोटोच्या बरोबरीने त्यांनी चौकट धरली होती, अगदी एका रेषेत.

"नाही गा. खाली घे मले."

भाऊजींनी चौकट जरा खाली सरकवली.

"अजून," म्हातारी म्हणाली. "अजून थोडी. लय उंच होता तो."